दुपारी घरात कोण असतं?

कावेरीअक्का कुठल्याही घरात शिरल्या की आधी भिंतीला हात लावायच्या. नमस्कार, पाणी, ख्यालीखुशाली हे सगळं नंतर. आजारी मुलाच्या कपाळाला लावतात तसा हात. आधी तळवा, मग उलटा. दुपारची वेळ असली तर पश्चिमेच्या भिंतीला चक्क गाल टेकवायच्या. घरधनीण कॉफीचा पेला हातात घेऊन अवघडून उभी, आणि ह्या डोळे मिटून भिंतीशी. मग मागे वळून गंभीरपणे सांगायच्या, "ताप आहे हो." नाहीतर, "बरें आहे. फार बरें आहे." हे ऐकून लोक हसत. मीही हसत असे. पुढे मलाच ती सवय लागली.

अक्का इंजिनिअर होत्या. मद्रासमध्ये घरं बांधत. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी तंजावरला जाऊन राहिलेले, त्यामुळे घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. इंजिनिअरिंग कॉलेजात मुली नावालाच होत्या त्या काळात त्या शिकल्या. लग्न केलं नाही. थोरले भाऊ वारल्यावर वहिनी आणि त्या अशा दोघी मैलापूरच्या घरात राहत. घराची पुढची खोली हेच त्यांचं ऑफिस.

मी सत्तरच्या दशकाच्या मध्यावर लग्न होऊन सांगलीहून मद्रासला आले. ड्राफ्ट्समनचा डिप्लोमा होता, तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. शेजारच्या बाईंनी पत्ता दिला म्हणून भर उन्हात विचारत विचारत मैलापूरला पोचले. दारात पांढऱ्या सुती साडीतल्या, उंच, काळ्यासावळ्या बाई उभ्या होत्या. केसांत मोगरा आणि त्याच केसांत कानामागे खोचलेली पेन्सिल.

"तूं देशाकडची काय? ये, बैस. ऊन्ह लागलें असेल."

ते मराठी ऐकून मी दचकलेच. शब्द जुन्या पोथीतले आणि हेल अख्खा तमिळ. मी सर्टिफिकेटं काढायला लागले, तर त्यांनी हातानेच नको म्हटलं.

"तमिळ येतें काय?"

"नाही."

"चुना?"

"पानाला लावतात तो?"

त्या मोठ्याने हसल्या. आतल्या बाजूला तोंड करून ओरडल्या, "वहिनी, ही मुलगी खरें बोलते! कॉफी पाठवा!" मग मला म्हणाल्या, "तमिळ तूं रस्त्यांत शिकशील. चुना मी शिकवतें. उद्यां ये."

त्यांच्याकडे मी वीस वर्षांच्या वर काम केलं.

ऑफिसात पंखा होता. पण दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की तो बंद करून पूर्वेच्या खिडक्या उघडायच्या, हा नियम. वारा आला की कागद उडत. प्रत्येक टेबलावर त्यासाठी विटांचे तुकडे ठेवलेले असत. अक्का त्या वेळी काम थांबवून खुर्चीत मागे रेलायच्या. "आला," एवढंच म्हणायच्या, कुणी पाहुणा आल्यासारखं. घर कसं बांधायचं हे त्या वाऱ्याला आणि उन्हाला विचारून ठरवायचं, असं त्यांचं म्हणणं. नकाशाचा कोरा कागद पुढे घेतला की पहिली रेघ खोलीची नसायचीच. ऊन कुठून कुठे जातं त्याची कमान, मग वाऱ्याचा बाण, मग त्या जागेवर आधीपासून असलेलं झाड. भिंती सगळ्यांत शेवटी.

दुसरी एक सवय होती. साइटवर काहीही आलं, वीट, सळई, सिमेंटचं पोतं, की त्या विचारायच्या, "ह्यानें किती आग खाल्ली?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला काही कळेना. मग त्यांनी मला शहराबाहेरच्या एका वीटभट्टीवर नेलं. सरूची आणि ताडाची खोडं रचून ठेवली होती, पलीकडे उघडंबोडकं माळरान. "हीं झाडें ह्या विटांनी खाल्लीं," त्या म्हणाल्या. "सिमिट कोळसा खातें. सळई तर विचारूंच नको. घर बांधायचें तर आग लागणारच; पण किती? गरज असेल तेवढीच लावावी की नाही?" म्हणून त्यांच्या भिंतींत विटा अशा उभ्या रचलेल्या असत की मध्ये पोकळी राहावी; त्याने विटा कमी लागत आणि उन्हाची धगही आत येत नसे. जिथे चुना पुरेल तिथे सिमेंट नाही. जिथे कच्ची माती पुरेल तिथे भाजलेली वीट नाही. आता या सगळ्याला मोठमोठी नावं आली आहेत, त्यावर परिषदा भरतात. अक्कांच्या तोंडून त्यातलं एकही नाव मी ऐकलं नाही. त्यांचा एकच प्रश्न, आणि तो त्या कुठेही विचारत. एकदा एका लग्नात जाडजूड सोनेरी पत्रिका हातात पडली तर तीही उलटसुलट करून म्हणाल्या, "हिनें किती खाल्ली असेल ग?" वहिनी वैतागून म्हणायच्या, "माझ्या भातालाहि विचार एकदां!"

पण अक्कांचा खरा प्रश्न वेगळाच होता. तो त्या घर बांधून घ्यायला येणाऱ्याला विचारायच्या.

शण्मुगम नावाचे एक भांड्यांचे मोठे व्यापारी होते. अड्यारला प्लॉट घेतलेला. हातात परदेशी मासिकातून कापलेलं चित्र. दर्शनी बाजू सगळी काचेची, वर सपाट काँक्रीट, प्रत्येक खोलीत एअरकंडिशनर. अक्कांनी चित्र नीट पाहिलं. मग विचारलं, "दुपारी घरात कोण असतं?" हे तमिळमध्ये, मला आता तेवढं कळू लागलं होतं.

"दुपारी? कोणी नाही. मी दुकानात, मुलं कॉलेजात."

"कोणीच नाही?"

"कोणी नाही म्हणजे... बायको असते. आई असते. स्वयंपाकाची बाई असते."

अक्कांनी चित्र परत दिलं. "मग त्यांना घेऊन या."

शण्मुगमना वाटलं बाई थट्टा करते आहे. पण पुढच्या आठवड्यात ते खरंच आले, बरोबर बायको आणि म्हातारी आई. अक्कांनी शण्मुगमना एका बाजूला वर्तमानपत्र देऊन बसवलं आणि दोघी सासूसुनांशी दुपारभर गप्पा मारल्या. जेवण झाल्यावर कुठे आडवं होता, पापड कुठे वाळवता, पाठीला घाम कुठल्या वेळेला येतो, रस्त्यावरचं दिसावंसं वाटतं का. म्हातारी आधी लाजली. मग असं बोलायला लागली की थांबेना. तिच्या सगळ्या जन्मात, ती म्हणाली, घराबद्दल तिला कुणी काही विचारलं नव्हतं. चुलीच्या खोलीत तिची चाळीस वर्षं गेली आणि त्या खोलीला एकच खिडकी होती, तीही पश्चिमेला.

अक्कांनी ते घर म्हातारीच्या दुपारच्या झोपेभोवती बांधलं. पूर्वेला रुंद ओसरी, तिथून आत वारा, मधल्या चौकातून तो वर निघून जाणार. स्वयंपाकघर पूर्वेच्या कोपऱ्यात. पश्चिमेला जिना, कपाटं, न्हाणीघर. उन्हाचा मार त्यांनी खायचा. वर उतरतं कौलारू छप्पर.

"आणि माझी काच?" शण्मुगमनी रडकुंडीला येऊन विचारलं.

अक्कांनी जिन्यात त्यांना एक छोटी रंगीत काच दिली. ते वर्षभर सगळ्यांना सांगत हिंडले की या बाईने आपल्याला फसवलं.

पुढच्या मे महिन्यात, मद्रासमध्ये अग्निनक्षत्र म्हणतात त्या दिवसांत, आम्ही सहज त्या घरी गेलो. अक्कांनी रीतीप्रमाणे भिंतीला गाल लावला. ओसरीवर म्हातारी सुपारी कातरत बसली होती. आतून घोरण्याचा आवाज येत होता.

"कोण झोपलंय?" अक्कांनी विचारलं.

"माझा मुलगा," म्हातारी तक्रारीच्या सुरात म्हणाली. "या घरात आल्यापासून दुपारी दुकानात जातच नाही बघ. माझीच जागा अडवून झोपतो."

परतीच्या बसमध्ये अक्का मैलापूर येईपर्यंत मधूनमधून हसत होत्या.

सगळंच असं गोड झालं नाही. वेलचेरीचं घर सांगितल्याशिवाय अक्का पुऱ्या सांगितल्या असं होणार नाही.

आज तिथे इमारतींची दाटी आहे. तेव्हा तळं, भातखाचरं आणि मध्येच नव्याने पाडलेले प्लॉट. एका शाळामास्तरांनी तिथे जागा घेतली. नवरा-बायको आणि बायकोची आंधळी आई. सिमेंट मिळायची मारामार होती आणि मास्तरांची ऐपतही बेताची. अक्कांनी त्यांना कच्च्या मातीचं घर बांधून दिलं. जागेवरचीच माती, थोडा चुना, फळ्यांच्या साच्यात ठोकून उभ्या केलेल्या जाड भिंती. त्या घराचा त्यांना भारी अभिमान. "ह्या घरानें जवळजवळ कांहीच खाल्लें नाही," असं ज्याला त्याला सांगायच्या. पाहुण्यांना बसने तिथे घेऊन जायच्या. आंधळी म्हातारी भिंतीवरून हात फिरवत घरभर एकटी फिरायची.

दोन पावसाळे नीट गेले. तिसऱ्या वर्षी नोव्हेंबरात पाऊस लागला तो थांबेचना. तळं फुटून पाणी प्लॉटांत शिरलं आणि तिथेच मुक्काम करून राहिलं. चार-पाच दिवसांनी मास्तरांनी शेजारच्या दुकानातून फोन केला. स्वयंपाकघराची भिंत खालून विरघळून बसली होती. घरातली माणसं आदल्याच दिवशी शेजाऱ्यांच्या माडीवर गेली होती, म्हणून वाचली.

आम्ही गेलो. शेवटचा रस्ता गुडघाभर पाण्यातून. अक्का साडी खोचून पुढे, मी मागे. भिंत अशी पडली होती की ती भिंत होती हेही कळू नये. गाळाचा ढीग, त्यातून स्टीलची भांडी डोकावत होती. मास्तर एकेक भांडं गाळातून ओढून काढत होते. त्यांची बायको म्हणाली, "दुपारी घर फार गार असायचं, अक्का. पाणी यायच्या आधी."

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, असं अक्का मला नंतर म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी अक्का मास्तरांच्या कुटुंबाला मैलापूरला घेऊन आल्या. ऑफिसची टेबलं भिंतीला लावली, तिथे त्यांची अंथरुणं पडली. चार महिने ती माणसं तिथे राहिली. घर परत उभं केलं ते अक्कांनी स्वतःच्या खर्चाने. या काळात आमच्याकडे येणारी माणसं भराभर कमी झाली. शहरातले दुसरे इंजिनिअर चेष्टा करायचे, "मातीची बाई वाहून गेली." मी एकदा चिडून म्हटलं, "अक्का, एवढा पाऊस कुणाला माहीत होता? तुमचा काय दोष?"

त्या रागावल्या. माझ्यावर त्या क्वचितच रागावत.

"माहित होता. शेजारच्या गुराख्याला माहित होता, भात लावणाऱ्या बायकांना माहित होता. मी मार्च महिन्यांत जागा पाहिली. कोरडी होती, म्हणून खूष झालें. नोव्हेंबरांत येथें काय असतें म्हणून कोणालाहि विचारलें नाही. मातीची चूक नव्हे ती. माझी."

त्यानंतर पावसाळ्यात पाहिल्याशिवाय त्यांनी एकाही प्लॉटवर रेघ ओढली नाही. लोक घाई करत, दुसरीकडे जात. अक्का जाऊ देत.

पण नुसतं हळहळत बसणाऱ्या त्या नव्हत्या. पाण्यात उभी राहील आणि तरीही भट्टीत भाजावी लागणार नाही अशी भिंत पाहिजे, हा किडा त्यांच्या डोक्यात शिरला. पुढची दोन-तीन वर्षं त्यांनी दुसऱ्या कशाचा विचार केला असेल असं मला वाटत नाही.

उत्तर मिळालं मद्रासजवळच्या एन्नोरला. तिथे विजेचं मोठं केंद्र आहे, कोळशावर चालणारं. त्याच्या राखेने आसपासच्या कोळीवस्त्या करड्या झालेल्या. आम्ही गेलो होतो ते एका दवाखान्याची दुरुस्ती बघायला. एक बाई घरापुढे मासळी वाळत घालत होती आणि प्रत्येक मासळी फडक्याने पुसत होती. पुसली की पुन्हा बारीक राख बसे.

"रोज असंच?" अक्कांनी विचारलं.

"रोजच. पाण्यात, भातात, पोरांच्या डोळ्यांत. पाऊस पडला की दारापुढे घट्ट बसते, कुदळीने काढावी लागते."

अक्का उभ्या होत्या त्या खाली बसल्या. "घट्ट बसते? कुठे? दाखव."

बाईने दारापुढचा एक भाग दाखवला. तिथे शंखशिंपले जाळून चुना करणाऱ्या कुणीतरी कधी चुना सांडला होता, त्यावर राख बसत गेली होती आणि पावसाने त्याचा दगड झाला होता. अक्कांनी तो नखाने खरवडला, मग चपलेने ठोकला. राख आणि चुना एकत्र आले की पाण्यातही घट्ट होतात हे पुस्तकात त्यांनी वाचलेलं होतंच. पण पायाखाली दिसलं ते त्या दिवशी. त्यांनी जेवणाचा डबा रिकामा केला. आतला दहीभात त्या बाईच्या मुलांना वाटला आणि डबाभर राख घेऊन आम्ही गाडीने परत आलो.

मग वहिनींच्या स्वयंपाकघरावर संकट आलं. राख, चुना आणि वाळू वेगवेगळ्या मापांनी कालवून त्याचे नमुने पाडायचे, तर सारखे साचे पाहिजेत. घरात सारखे साचे एकच, इडलीचे. शिवाय वाफ दिली तर मिश्रण लवकर घट्ट होतं, आणि वाफेचं भांडंही तेच. एका सकाळी वहिनींनी झाकण उघडलं तर आत करड्या, सुबक, फुगीर नसलेल्या इडल्या.

"कावेरी!"

"हात लावूं नका वहिनी, अजून कच्च्या आहेत!"

वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी नवीन इडलीपात्र घरात आलं आणि जुनं कायमचं ऑफिसात गेलं. आमच्या खिडकीत मग राखेच्या इडल्यांच्या रांगा असत, त्यांतल्या निम्म्या बादलीतल्या पाण्यात बुडवलेल्या. बऱ्याच विरघळल्या, बऱ्याच फुटल्या. एक जात मात्र पाण्यात जितकी राहील तितकी कडक होत गेली. अक्कांनी ती दातांखाली घेऊन पाहिली. मला वाटतं, त्यांच्या दाढेचा तुकडा उडाला तो त्याच दिवशी. त्या ते कधी कबूल करत नसत.

त्या विटांची पहिली मोठी इमारत म्हणजे मद्रासजवळच्या कोवलम या कोळ्यांच्या गावातली शाळा. तिथली झावळ्यांची शाळा वादळात उडून गेली होती आणि मुलं होड्यांच्या सावलीत बसून शिकत होती. एका धर्मादाय संस्थेने थोडी मदत देऊ केली, गावाने श्रम. अक्कांनी दोन पावसाळे जागा पाहिली; समुद्राचं पाणी कुठवर येतं ते म्हाताऱ्या कोळ्यांना काठ्या रोवून दाखवायला लावलं. मग उंच जोत्यावर राखेच्या विटांच्या भिंती उभ्या राहिल्या. वर स्लॅब टाकला तोही त्यांच्या पद्धतीचा. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट वजन पेलायच्या कामी येत नाही, ते उगाच भरलेलं असतं. तिथे सळयांच्या मधल्या जागेत अक्का मंगळुरी कौलं बसवून घेत. सिमेंट वाचतं, सळई वाचते, छत हलकं होतं आणि खालून पाहिलं की लाल कौलांची नक्षी दिसते.

तपासणीला आलेल्या सरकारी इंजिनिअरना ती नक्षी पाहून घाम फुटला. तरुण होते, सज्जन होते. त्यांनी वेलचेरीची हकीकत ऐकलेली होती. "मॅडम, राखेच्या भिंती, आत कौलं घातलेला स्लॅब. उद्या काही झालं तर? मी सही करू शकत नाही. पाडावं लागेल."

मला वाटलं अक्का भांडतील. त्या म्हणाल्या, "तुमचें बरोबर आहे. मुलांचा प्रश्न आहे. वजन ठेवून पाहूं या." गडबडीत मराठीतच बोलल्या, मग स्वतःशीच हसून तेच तमिळमध्ये सांगितलं.

ठरलेल्या सकाळी सगळं गाव जमलं. छतावर वाळूचं वजन चढवायचं होतं, पण गोणपाटाच्या पिशव्या पुरेनात. मग कोळणींनी मासळीच्या टोपल्या आणल्या. किनाऱ्यापासून छतापर्यंत बायकांची रांग लागली, टोपली हातोहात वर जाऊ लागली. खाली स्लॅबच्या मध्यावर काटा लावलेला होता. स्लॅब किती वाकतो ते त्यावर दिसणार, आणि तो दारातून दुर्बिणीने वाचायचं काम माझं.

अर्धी वाळू चढली असेल, तेव्हा अक्कांनी एक लाकडी खुर्ची उचलली, आत गेल्या आणि बरोबर मधोमध बसल्या.

"मॅडम, बाहेर या," इंजिनिअर ओरडले. "नियमात बसत नाही हे!"

"उद्यापासून इथे मुलं बसणार ना? रोज?" अक्का शांतपणे म्हणाल्या. "मग मी आज बसले तर तुम्हाला कसली भीती?"

"पण काही झालं तर..."

"वेलचेरीला झालं तेव्हा आत मी नव्हते. एक आंधळी म्हातारी असू शकली असती. तेव्हापासून मी ठरवलंय. माझ्या छताखाली आधी मी."

वर टोपल्या रिकाम्या होत होत्या. प्रत्येक टोपलीबरोबर थोडी वाळू कडेवरून खाली गळे. काटा सरकला. थोडा आणखी सरकला. मी आकडा ओरडून सांगत होते. अक्का वर बघत नव्हत्या. त्यांनी पिशवीतून मोगऱ्याच्या कळ्या आणि दोरा काढला होता आणि गजरा करत बसल्या होत्या. फक्त जवळून पाहणाऱ्याला कळलं असतं की गाठी धड बसत नव्हत्या.

इंजिनिअर दारात घुटमळले. मग त्यांनी काय विचार केला देव जाणे, चपला बाहेर काढल्या, आत गेले आणि अक्कांच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसले. बाहेर कोळणींच्या रांगेत कुणीतरी हसलं, आणि टोपल्या दुप्पट वेगाने वर जायला लागल्या.

सगळी वाळू चढली. काटा जितका सरकेल असं अक्कांनी लिहून दिलं होतं, त्याच्या बराच अलीकडे थांबला. दुसऱ्या दिवशी वाळू उतरवली तेव्हा तो हळूहळू परत फिरला. इंजिनिअरनी तो स्वतः वाचला, माझ्यावर विश्वास न ठेवता, दोनदा. मग तिथेच सही केली. पुढे त्यांनी स्वतःचं घर बांधलं तेव्हा नकाशा आमच्याकडून करून घेतला. अक्कांनी त्यांना पहिला प्रश्न काय विचारला असेल हे सांगायला नको. ते उत्तर द्यायला बायकोला घेऊनच आले होते.

शाळा नंतरच्या वादळांतही उभी राहिली. आणि राखेच्या विटा पाडायला एन्नोरच्या वस्तीतल्या बायकांनी एक छोटी शेड सुरू केली. मासळी पुसणारी ती बाई तिथली मुकादम झाली. वीजकेंद्राचा धूर काही थांबला नाही, अक्कांनाही तसा भ्रम नव्हता. "सगळी राख माझ्यानें संपणार नाही," त्या म्हणायच्या. "पण चार भिंतींपुरती तरी कोणाच्या भातांत पडणार नाही."

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला माझे यजमान निवृत्त झाले आणि आम्ही सांगलीला परत जायचं ठरवलं. मद्रासचं तोपर्यंत चेन्नई झालं होतं. निघायच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला मैलापूरला गेले. अक्का सत्तरीच्या पुढे गेल्या होत्या, काम कमी केलं होतं, गुडघे त्रास देत होते. घरी वहिनी एकट्याच.

"ती किलपॉकला गेली आहे. तिचें पहिलें घर पाडतात तेथें. मी नको जाऊं म्हणून सांगितलें. ऐकते काय?"

मी रिक्षा करून गेले. वाटेत काय बोलावं याची जुळवाजुळव करत होते. ते घर मी पाहिलेलं नव्हतं. मी येण्याच्या कितीतरी आधी, अक्कांनी अगदी तरुणपणी बांधलेलं. मूळ मालक वारले होते, मुलांना तिथे फ्लॅट उठवायचे होते. मनात म्हटलं, माणसाने पहिलं बांधलेलं डोळ्यांदेखत पडताना बघणं म्हणजे काय असेल.

पोचले तर धुळीत छत्री उघडून, मोडक्या जोत्यावर अक्का बसल्या होत्या. पडक्या भिंतीशी माणसं काम करत होती, पण घण कुठेच दिसत नव्हता. एक बाई गवंड्याच्या करणीच्या टोकाने सांध्यात हलकेच टोचत होती आणि वीट सुटून अख्खी हातात येत होती. दुसरी ती झटकून रचत होती. लाल, स्वच्छ, धारदार कडांच्या विटांची रास कमरेएवढी झाली होती.

"अक्का," मी हाक मारली.

"आलीस? पाहा, पाहा!" त्यांनी एक वीट माझ्या हातात दिली. त्यांचे डोळे लहान मुलासारखे चमकत होते. "चुन्यांत बांधलें होतें. चुना सोडतो ग! सिमिट असतें तर प्रत्येक वीट फोडावी लागली असती. हें बघ, एक कोपरा तुटला नाही. तांबरमला एक बालवाडी होते आहे, तेथें चालल्या सगळ्या."

"तुम्हाला वाईट नाही वाटत?"

त्यांनी छत्री जरा मागे सारली. समोरच्या उघड्या पडलेल्या खोलीत एका भिंतीवर अजून देवघराचा हिरवा रंग होता.

"सकाळीं वाटलें," त्या म्हणाल्या. "मग ह्यांनी पहिली वीट काढली आणि ती अख्खी आली. तेव्हां वाटलें, सरी, ठीक आहे, बरें बांधलें होतें आपण."

मी उद्या जातेय म्हणून सांगितलं. त्यांनी मला जवळ घेतलं. माझ्या साडीला पाठभर धूळ लागली. "जाऊन येतें म्हणून सांग," त्या म्हणाल्या. "जातें म्हणूं नये." मी तसं म्हटलं.

तेवढ्यात लॉरी भरली. अक्कांनी ठरवलं की विटांबरोबर त्याही जाणार. नाहीतर तिकडे गेल्यावर ओतून देतील आणि निम्म्या फुटतील. दोन बायकांनी धरून त्यांना ड्रायव्हरशेजारी वर चढवलं. छत्री मिटली, गुडघ्यांत उभी धरली. लॉरी सुरू व्हायच्या आत ड्रायव्हरला सूचना सुरू झाल्या होत्या, खड्डा आला की काय करायचं, वळणावर काय करायचं.

लॉरी फाटकातून बाहेर पडून मोठ्या रस्त्याला वळली तेव्हा अक्कांचा हात खिडकीतून बाहेर आला आणि हलू लागला. मीही रस्त्याच्या मधोमध उभी राहून जोरजोरात हात हलवला. तेवढ्यात मागून एक सायकलवाला माझ्या बाजूने पुढे गेला, आणि मग माझ्या लक्षात आलं. त्या मला निरोप देत नव्हत्या, त्याला पुढे जायला वाट देत होत्या.